एका ठिपक्याचा आकार: लघुग्रहाच्या प्रकाशवक्रापासून मॉडेलपर्यंत

दुर्बीण कितीही चांगली असली तरी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लहानसा लघुग्रह ठिपकाच दिसतो. त्याला कडा नाही, पृष्ठभाग नाही. पण त्या ठिपक्याचा प्रकाश तासातासाला कमीजास्त होत असतो. त्या चढउतारांच्या आलेखाला प्रकाशवक्र म्हणतात. त्यावरून लघुग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो, त्याचा अक्ष आकाशात कुठे रोखलेला आहे आणि त्याचा आकार साधारण कसा आहे, हे काढता येतं. ऑक्टोबर २०२० ते सप्टेंबर २०२४ या काळात एका लघुग्रहाच्या लागोपाठ चार प्रतियुती (लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो ती वेळ) मी टिपल्या आणि नंतर त्याचं मॉडेल तयार केलं. सुरुवात केली तेव्हा माहिती मिळत होती, पण तुकड्यातुकड्यांत. निरीक्षण कसं करायचं हे एका ठिकाणी, गणित दुसरीकडे, आणि या दोन्हींच्या मधला रस्ता कुठेच नाही. तो रस्ता इथे क्रमाने मांडते आहे. या कामावरचा लेख परीक्षणात असल्यामुळे लघुग्रहाचा क्रमांक मात्र आत्ता देत नाही.

कल्पना जुनी आहे. ४३३ इरॉस या लघुग्रहाचा प्रकाश बदलतो हे एगॉन फॉन ओपोल्झर यांनी १९०१ मध्ये नोंदवलं. लांबट दगड फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी टोक; म्हणून एका फेरीत साधारणपणे दोन चढ आणि दोन उतार दिसतात. उलट दिशेने, म्हणजे प्रकाशावरून दगडाकडे जाणं मात्र अवघड. हेन्री नॉरिस रसेल यांनी १९०६ मध्ये गणिताने दाखवलं की सूर्य नेमका आपल्या पाठीशी असतानाचीच निरीक्षणं हाती असतील, तर चढउतार आकारामुळे होतात की पृष्ठभागावरच्या फिकट-गडद डागांमुळे, हे वेगळं करता येत नाही. त्या निष्कर्षाचं दडपण या विषयावर कित्येक दशकं राहिलं. मग २००१ मध्ये फिनलंडचे गणिती मिक्को कासालाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रकाश तिरका पडत असतानाची, वेगवेगळ्या दिशांनी घेतलेली पुरेशी निरीक्षणं असतील तर बहिर्वक्र (फक्त बाहेर फुगलेला, खळगे नसलेला) आकार आणि अक्ष दोन्ही भरवशाने निघतात. आज आपण जे करतो ते सगळं या पद्धतीवर उभं आहे.

मे २०२० मध्ये मी लघुग्रह निवडायला बसले. इथे घाई करू नये. लघुग्रहांच्या प्रकाशवक्रांची एक मोठी सूची आहे, तिच्यात प्रत्येक लघुग्रहाच्या फिरण्याच्या कालावधीपुढे विश्वासार्हतेचा अंक असतो: ३ म्हणजे पक्का, २ म्हणजे बहुधा बरोबर, १ म्हणजे चुकीचाही असू शकतो. ज्याच्यापुढे २ किंवा त्याहून कमी अंक आहे, प्रतियुतीच्या वेळी जो १४.५ प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका अंधूक) अंधूक होत नाही आणि ज्याच्या पुढच्या चार प्रतियुती आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत पडतात, असा मला हवा होता. शेवटची अट सर्वात महत्त्वाची. पट्ट्यातल्या लघुग्रहाची प्रतियुती साधारण पंधरा-सोळा महिन्यांनी येते आणि दर वेळी तो पुढच्या कुठल्या तरी राशीत असतो. आपण त्याच्याकडे नव्या बाजूने पाहतो. नासाच्या जेपीएल होरायझन्स या संकेतस्थळावर पुढच्या पाच-सहा वर्षांचं स्थानगणित मोफत काढता येतं. ते काढून प्रत्येक प्रतियुतीचा भोग (सूर्याच्या वार्षिक मार्गावर, म्हणजे आयनिकवृत्तावर, मोजलेला कोन) कागदावर एका वर्तुळात मांडा. सगळे बिंदू वर्तुळाच्या एकाच बाजूला येत असतील तर तो लघुग्रह सोडून द्या, कितीही तेजस्वी असला तरी.

साधनांबद्दल थोडक्यात. माझी दुर्बीण २५ सेंटिमीटर आरशाची आहे, कॅमेरा कृष्णधवल आणि थंड करता येणारा. १४ प्रतीच्या आसपासच्या लघुग्रहाला दोन मिनिटांचं एक्स्पोजर पुरतं. त्यात लघुग्रह जेमतेम सव्वा विकलेने (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो, म्हणजे ताऱ्याच्या प्रतिमेच्या रुंदीच्या आतच राहतो. एका मापनातली चूक ०.०१ ते ०.०२ प्रत इतकी आली की काम भागतं. खर्चाचा विचार करत असाल तर आरशाचा आकार वाढवण्याआधी माउंटवर, म्हणजे दुर्बिणीला धरून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीवर, खर्च करा. रात्रभर तेच तारे सेन्सरच्या त्याच भागावर राहणं याची किंमत फार मोठी आहे. प्रकाशमापनाची आणि पुढच्या गणिताची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. अ‍ॅस्ट्रोइमेजजे मी अजूनही वापरते.

आणि घड्याळ. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून दर काही मिनिटांनी जुळवून घ्यायचं, आणि प्रतिमेवर नोंदलेली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची आहे की मध्याची हे एकदा तपासून लिहून ठेवायचं. चार वर्षांनी चार ऋतूंमधली निरीक्षणं एकत्र जोडायची असतात, तेव्हा ही ओळ वहीत सापडली पाहिजे.

ऑगस्टमध्ये सराव म्हणून ३९ लेटिशिया घेतला. त्याचा कालावधी ५.१३८ तास, चांगला माहीत असलेला, चढउतारही ठळक. उत्तर माहीत असलेल्या लघुग्रहावर हात बसवणं फार उपयोगी पडतं, कारण तुलनेचे तारे (ज्यांच्याशी लघुग्रहाचं तेज ताडायचं), फ्लॅट (कॅमेऱ्याची असमानता काढण्यासाठीच्या एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा), मोजमापाच्या वर्तुळाची त्रिज्या या सगळ्यांची परीक्षा एकदम होते. तुलनेचे तारे निवडताना सूर्यासारख्या रंगाचे निवडायचे. लघुग्रह सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे रात्र सरताना हवेचा थर जाड झाला तरी दोघांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात घटतो. लाल तारा घेतलात तर वक्र हळूहळू एका बाजूला कलतो आणि तो कल लघुग्रहाचाच वाटतो.

याच काळात लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटर या जागतिक संस्थेकडून वेधशाळेचा कोड घेतला. प्रकाशवक्रासाठी तो सक्तीचा नाही, पण आपलं काम पुढे कोणी वापरायचं तर निरीक्षण पृथ्वीवर नेमकं कुठून झालं याची अधिकृत खूण असलेली बरी. अर्जाची रीत सरळ आहे, फक्त काटेकोर. कक्षा पक्की असलेल्या काही क्रमांकित लघुग्रहांची स्थानं एकापेक्षा जास्त रात्री मोजायची, ती ठरलेल्या नमुन्यात लिहायची, कोडच्या जागी तात्पुरतं ‘एक्सएक्सएक्स’ घालायचं, आणि दुर्बीण जिथे उभी आहे तिथले अक्षांश, रेखांश, उंची द्यायची. उंची समुद्रसपाटीपासूनची की जीपीएसच्या संदर्भपृष्ठापासूनची, हे पाहून लिहा. दोन्हींत बराच फरक असू शकतो. मोजलेल्या स्थानांतली चूक एका विकलेच्या आत असली पाहिजे. काही आठवड्यांनी तीन अक्षरांचा कोड ईमेलने आला. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये पहिली प्रतियुती. पहिल्याच रात्री ०.५ प्रतीचा सुरेख चढउतार मिळाला आणि मी खूश झाले. दुसऱ्या रात्री तोच वक्र. तिसऱ्या रात्रीही तोच, जवळजवळ त्याच वेळी. आठवडाभरानेही तसंच. माझ्या जागेवरून लघुग्रह पुरेसा उंच असतो तो वेळ साडेपाच तासांचा, आणि त्या साडेपाच तासांत दर रात्री लघुग्रहाची तीच बाजू समोर येत होती.

असं व्हायचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कालावधी २४ तासांना जवळजवळ पूर्ण भाग देणारा असला की उद्या त्याच वेळी लघुग्रह पुन्हा त्याच स्थितीत असतो. माझ्या आकड्यांत ७.९८ तास बसत होते. तीन फेऱ्या म्हणजे २३.९४ तास, म्हणजे तीच स्थिती दुसऱ्या दिवशी साडेतीन मिनिटं आधी येणार. एवढी सरक असली तरी महिन्याभरात उरलेला भाग दिसेल, असं वाटतं. पण लघुग्रह स्वतःही रोज चार-पाच मिनिटं लवकर उगवतो. निरीक्षणाची खिडकी आणि लघुग्रहाची फेरी, दोन्ही हातात हात घालून सरकतात. शिवाय ५.९८५ तास, ११.९७ तास आणि २३.९४ तास हे तिन्ही कालावधीसुद्धा माझ्या सगळ्या रात्रींत तितकेच नीट बसत होते, कारण चारही आकडे त्या २३.९४ तासांनाच वेगवेगळ्या पूर्णांकांनी भागून येतात. ०.५ प्रतीचा चढउतार असेल तर फेरीत दोन चढ असण्याची शक्यता जास्त, म्हणून ७.९८ वर माझा कल होता. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

एकाच जागेवरून हा पेच सुटत नाही. दुसऱ्या रेखांशावरचा कोणी तरी हवा. इथे एक बारकावा आहे. माझ्यापासून १२० अंश दूरचा निरीक्षक माझ्यानंतर आठ तासांनी पाहणार, म्हणजे बरोबर एक फेरी उलटल्यावर, म्हणजे पुन्हा तीच बाजू. त्याने चार आकड्यांमधून निवड झाली असती, पण न दिसलेला भाग न दिसलेलाच राहिला असता. मला साधारण ६० अंशांवरचं कोणी तरी हवं होतं, चार तासांच्या, म्हणजे अर्ध्या फेरीच्या अंतरावरचं. लघुग्रह निरीक्षकांच्या वर्तुळात मी पाठवलेल्या पत्रात हे गणित मांडलं आणि माझे वक्र सोबत जोडले. चार दिवसांत उत्तर आलं. त्या निरीक्षकाने मोकळ्या मनाने आपल्या रात्री दिल्या. त्या रात्रींचा वक्र माझ्या वक्राशेजारी ठेवला आणि ७.९८ तासांवर घडी घातली (म्हणजे सगळे बिंदू एकाच फेरीवर आणून ठेवले), तेव्हा दोन्ही टोकं जुळली आणि मधली रिकामी जागा दुसऱ्या, जरा बुटक्या चढाने भरली. बाकीचे तिन्ही आकडे तिथेच बाद झाले.

मदत मागताना एवढं करा: कोणत्या रेखांशावरून, कोणत्या तारखांना, किती तास हवे आहेत आणि का, हे पहिल्याच पत्रात लिहा. समोरच्याची रात्र आपण मागत असतो.

पौर्णिमेचंही आधीच पाहून ठेवा. प्रतियुतीतला लघुग्रह सूर्याच्या समोर असतो आणि पौर्णिमेचा चंद्रही तिथेच. त्यामुळे महिन्यातले चार-पाच दिवस त्या भागात काही करता येत नाही. आणि प्रतियुतीची नेमकी रात्र गाठण्याचा अट्टहास धरू नका. सूर्य, लघुग्रह आणि पृथ्वी यांच्यातला कोन, म्हणजे फेज अँगल, १५-२० अंश असतानाच्या रात्री आकारासाठी जास्त बोलक्या असतात, कारण तेव्हा लघुग्रहाच्या एका कडेला रात्र असते आणि ती कड वक्राला आपली छाप देते. प्रतियुतीच्या दीड महिना आधी आणि दीड महिना नंतरची निरीक्षणं मी मुद्दाम घेतली.

मग पंधरा महिने थांबणं. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हा आहे.

जानेवारी २०२२ ला दुसरी प्रतियुती आली. पहिल्या रात्रीचा वक्र जवळजवळ सपाट होता. चढउतार जेमतेम ०.१२ प्रत. साधनांत बिघाड असेल म्हणून फ्लॅट पुन्हा घेतले, तुलनेचे तारे बदलले. वक्र तसाच राहिला. मग लक्षात आलं की हीच तर बातमी आहे. गेल्या खेपेला आपण लघुग्रहाकडे त्याच्या विषुववृत्ताच्या बाजूने पाहत होतो. आता त्याच्या ध्रुवाकडून पाहतो आहोत. ध्रुवाकडून पाहिलं तर लांबट दगडही फिरताना कायम तेवढाच दिसतो. म्हणजे एकही समीकरण न सोडवता अक्षाची ढोबळ दिशा हाती आली: जानेवारीत लघुग्रह आकाशात जिथे होता, त्या भोगाच्या, ११० अंशांच्या, आसपास किंवा त्याच्या बरोबर विरुद्ध. सपाट वक्र मिळाला म्हणून रात्री सोडू नका. अक्षासाठी त्याच रात्री मोलाच्या असतात.

दोन प्रतियुती हातात आल्यावर कालावधी जोडण्याचा प्रश्न येतो. दोन्हींच्या मध्ये लघुग्रहाच्या जवळपास १,३७० फेऱ्या झालेल्या असतात. पहिल्या प्रतियुतीतल्या कालावधीत ०.००१ तासाची अनिश्चितता असेल तर एवढ्या फेऱ्यांनंतर ती जवळजवळ १.४ तासांची होते. ०.००३ तासांची असेल तर चार तास, म्हणजे अर्धी फेरी. मग कुठला चढ कुठला हेच कळेनासं होतं. त्यात आपल्याला दिसणारा कालावधी आणि ताऱ्यांच्या सापेक्ष खरा कालावधी यांच्यात थोडा फरक असतो, कारण पृथ्वी आणि लघुग्रह दोघेही सरकत असतात. म्हणून एका प्रतियुतीत दोन-चार रात्री घेऊन थांबू नये. पहिली आणि शेवटची रात्र यांच्यात जितकं अंतर तितका कालावधी बांधला जातो.

जून २०२३ मधली तिसरी प्रतियुती आकाशगंगेच्या दाटीत आली. लघुग्रह तेजस्वी होता, पण दर अर्ध्या तासाने कुठल्या तरी ताऱ्याला घासून जायचा. अशा वेळी दोन मार्ग असतात: लघुग्रह तिथून गेल्यावर त्याच भागाच्या प्रतिमा घेऊन तारे वजा करणं, किंवा खराब बिंदू सरळ काढून टाकणं. मी बहुतेक ठिकाणी दुसरा पत्करला. प्रत्येक काढलेल्या बिंदूसमोर कारण लिहून ठेवलं, कारण वक्र छान दिसावा म्हणून बिंदू काढण्याचा मोह फार असतो. चढउतार ०.२८ प्रत. सप्टेंबर २०२४ च्या चौथ्या प्रतियुतीत तो ०.३८ होता. त्या वेळेपर्यंत सगळं अंगवळणी पडलं होतं; त्या रात्रींबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

खरं बसून करायचं काम त्यानंतर सुरू झालं, डिसेंबर २०२४ मध्ये. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात ‘डॅमिट’ नावाचा संग्रह आहे, अशा मॉडेलांचा. तिथेच उलट गणित करणारे प्रोग्राम मिळतात. प्रोग्रामला जी फाइल लागते ती एकदा जवळून पाहू, कारण मी सर्वात जास्त वेळ तिच्यावर घालवला. पहिल्या ओळीत एकूण वक्र किती. मग प्रत्येक वक्राच्या सुरुवातीला बिंदूंची संख्या आणि ० किंवा १; शून्य म्हणजे प्रकाश फक्त सापेक्ष आहे, एक म्हणजे प्रमाणित. त्याखाली एकेका बिंदूची एकेक ओळ: ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी), प्रकाश, मग लघुग्रहावरून पाहिल्यास सूर्य कुठे आहे त्याचे तीन निर्देशक, आणि पृथ्वी कुठे आहे त्याचे तीन. प्रकाश प्रतीमध्ये चालत नाही, तीव्रतेत लागतो. निर्देशक आयनिकवृत्ताच्या पातळीतले, अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत).

दिनांकातून प्रकाशाचा प्रवासकाळ वजा केलेला असावा लागतो. एक खगोलीय एकक ओलांडायला प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात. एकाच प्रतियुतीत लघुग्रहाचं अंतर १.६ वरून २.० एककांवर गेलं, तर पहिल्या आणि शेवटच्या रात्रीत तीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. हे एकदाच करायचं आणि फाइलच्या नावातच तशी खूण ठेवायची.

पहिला टप्पा कालावधीचा शोध. इथे जवळजवळ सारखी दिसणारी खूप उत्तरं शेजारीशेजारी असतात. त्यांच्यातलं अंतर कालावधीच्या वर्गाच्या निम्म्याला एकूण निरीक्षणकाळाने भागलं की मिळतं. माझ्या चार वर्षांसाठी ते ०.०००९ तास आलं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन सेकंद. याहून मोठ्या पावलांनी शोधलं तर खरं उत्तर दोन पावलांच्या मधून निसटतं. मी ७.९७ ते ७.९९ हा सगळा पट्टा तपासला आणि प्रत्येक कालावधीसाठी प्रोग्रामने अक्षाच्या वेगवेगळ्या दिशांपासून सुरुवात करून पाहिली. संगणक रात्रभर चालला. सकाळी आलेख उघडला तर दातेरी रेषेत एकच खोल दरी होती. तिच्या शेजारच्या कुठल्याही दरीत मॉडेल आणि निरीक्षणं यांच्यातली तफावत खोल दरीतल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त होती. दहा टक्क्यांची अट मी आधीच ठरवून लिहून ठेवली होती. आलेख पाहून अट ठरवली की ती आपल्याला हव्या त्या बाजूला झुकते.

इथे थोडी बाहेरची मदतही घेतली. ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या युरोपीय गाया उपग्रहाच्या जून २०२२ च्या तिसऱ्या माहितीसंचात हजारो लघुग्रहांची प्रकाशमापनं आहेत, विरळ पण अतिशय अचूक. शिवाय गाया लघुग्रहांना मोठ्या फेज अँगलला पाहायचा, जिथे जमिनीवरून पुरेशा रात्री क्वचितच मिळतात. त्या बिंदूंमुळे कालावधी चौथ्या दशांश स्थळापर्यंत घट्ट झाला.

मग अक्ष. कालावधी धरून ठेवायचा आणि आकाशभर पसरलेल्या दिशांपासून गणित सुरू करायचं. सुरुवातीची मापकं नमुना फाइलमध्ये दिलेली असतात: बहिर्वक्रतेचं वजन ०.१, गोलीय हार्मोनिकांची श्रेणी (आकार किती बारकाईने मांडायचा याचं माप) ६. पहिल्यांदा ती तशीच ठेवा. निघालेल्या आकारात ‘गडद तुकडा’ म्हणून एक आकडा येतो, तो साधारण एक टक्क्याच्या आत हवा. जास्त असेल तर पृष्ठभागावर डाग असण्याची शक्यता असते किंवा वजन वाढवावं लागतं. माझा आत होता. दुसरी तपासणी भौतिकशास्त्राची आहे. एकटा, शांतपणे फिरणारा दगड आपल्या सर्वात आखूड अक्षाभोवती फिरतो. गणिताने उभ्या खांबासारखा आकार सर्वात लांब अक्षाभोवती फिरताना दाखवला, तर जुळणी कितीही सुरेख असली तरी ते उत्तर टाकून द्यायचं. मला सुरुवातीला चार दिशा मिळाल्या होत्या. त्यातल्या दोन या कसोटीवर गळाल्या.

उरलेल्या दोन: भोग सुमारे ११० अंश, शर (आयनिकवृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे २५, आणि भोग सुमारे २९०, शर जवळजवळ तोच. दोन्हींत अनिश्चितता दहा अंशांची. शर उणे आहे, म्हणजे लघुग्रह उलट दिशेने फिरतो. पण दोन्हींपैकी खरी कोणती? लघुग्रह आयनिकवृत्ताच्या पातळीजवळून फिरत असेल तर १८० अंशांच्या अंतरावरच्या या दोन दिशा प्रकाशवक्रांना जवळजवळ सारख्याच दिसतात. आणखी रात्री जागून हा प्रश्न सुटत नाही. तो मापनाचा दोष नाही, भूमितीचा आहे. सुरुवातीला याने मी खट्टू झाले. आता वाटतं की दोन उत्तरं असतील तर दोन्ही छापावीत, शेजारीशेजारी, दोन्हींचे आकडे देऊन. एक निवडून दुसरं गाळलं तर पुढच्या माणसाची दिशाभूल होते.

शेवटचा प्रोग्राम त्रिकोणी तुकड्यांची क्षेत्रफळं आणि दिशा घेऊन त्यांचा बंदिस्त घनाकार बांधतो. पडद्यावर तो आकार पहिल्यांदा फिरताना पाहिला, तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरं काही केलं नाही. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, आणि एका बाजूला मोठा सपाट भाग. ऑक्टोबर २०२० मधला तो बुटका चढ या सपाट बाजूचा होता.

त्या सपाट भागाबद्दल सावध राहावं लागतं. ही पद्धत बहिर्वक्र आकार देते. खळगा असेल तर त्याच्यावर ताणून बसवलेल्या कापडासारखा सपाट भाग दिसतो. म्हणजे तिथे मोठं विवर असू शकतं किंवा खरोखरच सपाट असू शकतं, वक्रावरून सांगता येत नाही. आकारमानही मिळत नाही. किलोमीटर कुठेच नाहीत, फक्त बाजूंची गुणोत्तरं आहेत. या मर्यादा असूनही पद्धत भरवशाची आहे हे यानांनी दाखवलं आहे. हायाबुसा २००५ मध्ये इटोकावा या लघुग्रहाजवळ पोहोचलं, रोझेटा जुलै २०१० मध्ये लुटेशियाजवळून गेलं. दोन्ही ठिकाणी प्रकाशवक्रांवरून आधी काढलेला अक्ष आणि ढोबळ आकार प्रत्यक्ष चित्रांशी जुळला.

मार्च २०२५ मध्ये सगळे वक्र लघुग्रहांच्या खुल्या प्रकाशवक्र संग्रहासाठी तयार केले. प्रत्येक रात्रीच्या माथ्यावर भरायची माहिती बरीच असते: फिल्टर, तुलनेचे तारे, प्रवासकाळाची दुरुस्ती केली आहे की नाही, प्रत मूळ आहे की अंतरासाठी बदललेली. एका रात्रीत दुरुस्ती लिहिलेली आणि दुसऱ्या रात्रीत वगळलेली असं होऊ देऊ नका. ते वापरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मग लेख तयार केला. लघुग्रह निरीक्षकांच्या मायनर प्लॅनेट बुलेटिन या नियतकालिकाचे जुने अंक मोफत वाचायला मिळतात, लिहिण्याआधी त्यातले दहा-बारा लेख वाचून काढा. कुठला आकडा कुठे द्यायचा, आलेख कसा काढायचा हे तिथे शिकता येतं. मी पाठवलेल्या लेखावर परीक्षकांचे शेरे सात आठवड्यांनी आले. त्यांनी दोन्ही अक्षांसाठी वेगवेगळ्या प्रतियुतींची तफावत स्वतंत्रपणे मागितली आहे, आणि ती मागणी रास्त आहे. ते गणित आता चालू आहे.

दोन अक्षांमधला निवाडा पिधानाने होऊ शकतो. लघुग्रह एखाद्या ताऱ्यावरून जाताना त्याची सावली पृथ्वीवर धावते; वेगवेगळ्या जागी उभे असलेले निरीक्षक तारा किती सेकंद झाकला गेला हे मोजतात, आणि त्यातून लघुग्रहाची खरी बाह्यरेषा मिळते. माझ्या दोन मॉडेलांच्या बाह्यरेषा त्या क्षणी वेगळ्या असतात, त्यामुळे एक बसते आणि दुसरी बसत नाही. शिवाय तेव्हा किलोमीटरही मिळतात. अशा घटनांचं भाकीत काढून ठेवलं आहे. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये पाचवी प्रतियुती येते आहे, पुन्हा ध्रुवाच्या बाजूने, जवळजवळ सपाट वक्राची. तेव्हाही ६० अंश दूरच्या त्या निरीक्षकाबरोबर रात्री वाटून घ्यायचं ठरलं आहे; तारखा लिहून झाल्या आहेत, पौर्णिमा वगळून.